नवलची मूठ

कानबाईच्या गव्हाला ओला हात लागू द्यायचा नाही, असा दगूबाईच्या सासूचा दंडक होता. सासूला जाऊन जमाना लोटला, तरी तो मोडायची छाती घरात कोणाची झाली नव्हती. म्हणून शनिवारी सकाळी दगूबाई पुन्हा पुन्हा पदराला हात पुसत होती. हात केव्हाच कोरडे झाले होते. ती आपली वेळ काढत होती, एवढंच.

समोर सूप, सुपाशेजारी निवडलेल्या गव्हाची पाटी आणि ओसरीभर भाऊबंद. बाहेर श्रावणातलं ऊन-सावलीचं सोंग चाललेलं. तापी दुथडी भरलेली असल्यामुळे नाव दोन दिवस बंद होती आणि पलीकडच्या काठावर अडकलेली माणसं हात हलवून इकडच्या नावाड्यांना शिव्या घालत होती. केदारेश्वराला आलेले यात्रेकरू घाटावर उगाच बसून होते. शेजारच्या धर्मचंद शेटच्या घरून कानबाईसाठी चौरंग आला होता. तो दरवर्षीच यायचा. शेटाणी झमकूबाई तो स्वतः धुऊन, पुसून, वर हळदीचं बोट लावून पाठवायची, आणि रोटाचा तुकडा मात्र आपल्याला कधी मिळायचा नाही हे जाणून हसायची.

कारण रोट, म्हणजे बाईच्या नैवेद्याची जाड पोळी, घरच्यांचा. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी कुळाची देवी कानबाई घरात बसते, तिच्या रोटासाठी कुळातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू सुपात पडतो. म्हातारा असो की पाळण्यातला, नाव घेतलं, मूठ पडली, की तो घरातला. परगावी असला तरी त्याची मूठ पडते. मेल्यावर पडत नाही. मेलेल्याची मूठ रोटात गेली तर बाई कोपते, असं जुनी माणसं सांगत आली. आणि तो रोट खायचा घरच्यांनी आणि घरात आलेल्या सुनांनी. परक्याला नाही, पाहुण्याला नाही, आणि लग्न करून दिलेल्या लेकीलाही नाही.

"शोभे, सुपकडे काय देखी ऱ्हायनी?" दगूबाईची जाऊ फुलीबाई आपल्या माहेरी आलेल्या लेकीला म्हणाली. "तुले खीर भेटी. रोट तुन्हा सासरले जाईसन खाय."

"माले काय भूक लागेल शे का रोटनी!" शोभाबाईने नाक मुरडलं. "खीरच जास्त वाढजो, माय."

सगळे हसले. हसायला निमित्त हवंच होतं. पण हसू ओसरलं तसे सगळ्यांचे डोळे पुन्हा सुपाकडे वळले. सुपात कोणाकोणाची मूठ पडणार हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि एक मूठ पडणार की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

दगूबाईचा मुलगा नवल दोन पावसाळ्यांपूर्वी तापीच्या पुरात गेला होता. गेला म्हणजे वाहून गेला. मेला असं दगूबाईने कोणाला म्हणू दिलं नव्हतं. पुरात सातपुड्यातून सागाची लाकडं वाहत येतात. गावातले तरणे कमरेला दोर बांधून पाण्यात उड्या घेतात आणि लाकडं ओढून काठाला लावतात. त्या दिवशी नवलच्या कमरेचा दोर तुटला. घाटावरच्या सगळ्यांनी पाहिलं, त्याने लाकडाला मिठी मारलेली होती आणि लाकूड त्याला घेऊन वळणापलीकडे गेलं. पुढे काय झालं हे कोणी पाहिलं नाही. प्रेत मिळालं नाही. दगूबाईने तेवढ्या धाग्यावर दोन वर्षं काढली होती. कपाळाला मार लागून माणूस आपलं नावगाव विसरतो, असं कोणी तरी एकदा बोललं, ते तिने मनात जपून ठेवलं. नवलची बायको गजरा बांगड्या घालून, कुंकू लावून घरात वावरत होती, आणि दगूबाईला वाटे, हे कुंकू माझ्या जिवावर टिकून आहे.

"वैनी, टाक आते," तिचा दीर उखा म्हणाला. फैजपूरची काँग्रेस पाहून आल्यापासून तो पांढरी टोपी घालायचा आणि घरातही ती काढायचा नाही. "येळ व्हई ऱ्हायनी."

दगूबाईचा नवरा हयात नव्हता, म्हणून पहिली मूठ तिने उखाच्या नावाने टाकली. मग त्याच्या मुलांच्या, नातवाच्या, मागल्या आळीतल्या चुलत भावांच्या. नाव घ्यायची, मूठ सोडायची, वर चिमूटभर सव्वाची भर टाकायची. मग तिचा हात पाटीत गेला आणि तिथेच राहिला.

"बाई, थांबा," फुलीबाई म्हणाली. मघाचं हसू तिच्या तोंडावर आता औषधालाही नव्हतं. "ती मूठ नका टाकू."

"कोनती?"

"कोनती ते तुमले ठाऊक शे. गये साल तुम्ही टाकी, आम्ही काई बोलनूत नई. तुमना जीव दुखाले नको म्हनीसन. मंग कार्तिकमा मन्ही सूननं काय जयं ते समदा गावनी देखं. आते तिना पोटमा परत जीव शे. मी तुमना पाय धरस, बाई."

"म्हंजे मन्हा नवल तुन्हा नातू खास का वं?"

"मी असं म्हननी का?"

"मंग काय म्हननी?"

फुलीबाईने तोंडाला पदर लावला. तिची सून आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. ती पोटावर हात ठेवून मागे सरकली. दगूबाईला ते दिसलं. दिसून न दिसल्यासारखं करायला मन फार कठीण करावं लागतं, आणि दगूबाईने ते केलं.

"वैनी," उखा खाली बघत म्हणाला, "मी सुरतलगून जाई उनू. कुकरमुंडा, निझर, हर गावना घाटवर इचारं. नवल भेटता तर मी त्याले खांदावर बसाडीसन लयतू."

"तुन्हा पोटना नई ना तो. म्हनीसन तुले धीर शे."

हे बोलणं तिच्या तोंडून गेलं आणि ओसरीवरची माणसं एकदम दुसरीकडे बघू लागली. दगूबाई या घरात नवरी होऊन आली तेव्हा उखा नाक ओढत तिच्या पदराला धरून फिरायचा. त्याच्या डोक्यातल्या उवा तिने काढल्या होत्या. उखाने टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली.

तेव्हा ओसरीच्या कडेला बसलेला वाहरू पुढे सरकला. तो गजराचा बाप, दगूबाईचा व्याही. ब्राह्मणपुरीहून चिखलातून छकडा हाकत कालच आला होता. काल दगूबाईने त्याला चहासुद्धा विचारला नव्हता, कारण तो कशासाठी आला आहे हे तिला त्याच्या बसण्यावरूनच कळलं होतं.

"याहीन, मी भांडाले नई उनू," तो म्हणाला. "मन्ही पोर ना इकडनी ना तिकडनी. तिनं वय काय शे? आमना गावमा झिपरू शे, बायको मरनी त्यानी, पोरसोर नई. मानूस गरीब गायना गत. पाट लावाले तयार शे. आपलामा पाट काई नवा नई. तुम्ही हा म्हना."

"मन्हा आंडोर जित्ता शे, आनि तू त्यानी बायको दुसराले दी ऱ्हायना?"

"जित्ता ऱ्हायता तर मी आठे काब्र येतू, याहीन?"

"गजराले इचारा," उखा मध्येच म्हणाला. "तिना जलम शे. तिलेच इचारा."

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराकडे वळल्या. गजरा दाराआड उभी होती. पदर नाकापर्यंत ओढलेला. दगूबाईला तिचे फक्त हात दिसत होते. पिठाने पांढरे झालेले, एकमेकांत घट्ट धरलेले.

"माले कोठे जावानं नई," गजरा म्हणाली. "आत्या टाकतस, तर टाकू द्या."

वाहरूची मान खाली गेली. फुलीबाई उठली. "टाका मंग," ती म्हणाली. "आमना घरमा मातर तो रोट कोनी खावाव नई. आजपाईन तुमनी कानबाई येगळी, आमनी येगळी."

आणि ती आपल्या घरात निघून गेली. एकाच अंगणाच्या दोन बाजूंना दोन घरं होती, पण कानबाई आजवर एक होती. वाटण्या झाल्या, विहिरीच्या पाळ्यांवरून डोकी फुटता फुटता राहिली, तरी रोट एकाच तव्यावर भाजला गेला होता. आज तोही मोडायची वेळ आली.

दगूबाईने मूठ वर काढली. "नवल," ती मोठ्याने म्हणाली आणि गहू सुपात सोडला. वर सव्वाची चिमूट टाकली. तिचं म्हणणं खरं झालं होतं. सून तिच्या बाजूने उभी राहिली होती. जिंकलेल्या माणसाने निदान हसावं तरी. पण दगूबाईला राहून राहून सुनेचे ते घट्ट धरलेले हात आठवत होते.

*

रविवारी पहाटे दगूबाईला जाग आली ती जात्याचा आवाज नाही म्हणून. रोटाचं दळण उजाडायच्या आत व्हायला हवं. गजरा उठून गेलेली तिला अंथरुणातून कळली होती, सूप सरकवल्याचा आवाजही आला होता. पण जातं फिरत नव्हतं. पोरीला बरं नाही की काय, म्हणून दगूबाई उठली आणि भिंतीच्या आधाराने माजघराच्या दाराशी आली.

चिमणीच्या उजेडात गजरा जात्यापाशी बसली होती. सूप मांडीवर. तिने पदराला हात पुसले, सुपातून मूठभर गहू काढले आणि पदराच्या टोकात घातले. मग एक चिमूट. मग टोकाची गाठ मारली, दाताने ओढून घट्ट केली.

कानबाईच्या सुपातून चोरी! मूठ आणि चिमूट, म्हणजे काय काढलं हे विचारायलाही नको. दगूबाईने पुढे होऊन सुनेचं मनगट धरलं.

"गजरे! काय करी ऱ्हायनी?"

गजरा दचकली नाही. एखादी गोष्ट कधी तरी होणारच हे माहीत असलेलं माणूस जसं बघतं, तसं तिने वर पाहिलं.

"गये सालबी काढात?" दगूबाईने विचारलं.

"हा, आत्या."

"काल समदास्ना समोर मन्ही बाजू लिधी. आनि आठे चोरी? काब्र?"

"तुम्ही टाकतस, ते तुमना मनना करता. रोटमा जावाले नको म्हनीसन मी काढी लेस. नानीनी सून पोटशी शे." फुलीबाईला ती नानी म्हणायची. "तिना जीवले काई व्हवाले नको."

"जित्ता मानूसनी मूठ! त्याना तिना जीवले काय व्हई?"

गजराने मान जात्याकडे वळवली. बाहेर उखाच्या गोठ्यात बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली. दगूबाईने धरलेलं मनगट हातातच होतं, आणि त्या मनगटातल्या बांगड्या एकदम थंड लागत होत्या.

"गजरे, बोल."

"मी देखं, आत्या."

"काय देखं?"

"तुम्ही समदा घाटवर व्हतात. मी धुनं लिसन गोमाई नदीना संगमना खाले, वळनवर व्हती. लाकूड मन्हा समोरथीन गयं. त्या व्हतात, एक हात लाकूडवर. मन्हाकडे देखं त्यासनी." नवऱ्याचं नाव न घेता ती बोलत होती, आणि तिचा आवाज अगदी सरळ होता, जणू दुसऱ्या कोणाची हकीकत सांगत होती. "मंग लाकूड फिरनं. फिरीसन वर उनं तवय त्यावर कोनी नव्हतं. मी लाकूड दिसेनासं व्हईपावत देखत बसनी. त्या वर उनातच नई."

दगूबाईने मनगट सोडलं. ती जात्याच्या पलीकडे, जिथे दुसरी बाई बसते तिथे बसली. गुडघे दुखतात म्हणून ती वर्षभरात तिथे बसली नव्हती.

"आनि तू बोलनी नई."

"बोलाले घर पयत उनी. तुम्ही आंगनमा बठेल व्हतात. मी तोंड उघाडं, त्याना पह्यलेच तुम्ही म्हनात, 'गजरे, रडू नको, लाकूड धरेल शे त्यानी, कोठे तरी काठले लागी.' अनि मन्हा डोकावरथीन हात फिरावा. मंग माले बोलताच नई उनं."

"दोन वरीस?"

"तुम्ही त्या आशावर भाकर खावाले लागनात, आत्या. पह्यले दिन तं पानीबी पेत नव्हतात. ती आशा मी काढी लिधी असती, तं तुम्हीबी गया असतात. माले मंग कोन व्हतं?"

दगूबाईला आपला हुंदका अनोळखी वाटला. दोन वर्षांत ती रडली नव्हती. जिवंत मुलासाठी आई रडत नाही, म्हणून तिने डोळे कोरडे ठेवले होते. गावाने तिला वेडी म्हटलं तरी आपण या पोरीचं कुंकू राखतो आहोत, एवढा एकच अभिमान तिला उरला होता. आणि इथे उलटंच निघालं. कोवळी पोर खरं काय ते पोटात घेऊन, खोटं कुंकू लावून, म्हातारीला राखत बसली होती. वीस-बावीस वर्षांच्या जिवाने एवढं ओझं उचललं आणि सासूला त्याचा पत्ताही नाही! दगूबाईला स्वतःची लाज वाटली, आणि त्याहून जास्त त्या पोरीची माया आली.

"गये सालना गहू काय करात?" तिने विचारलं.

"बाईना विसर्जनले तापीमा सोडात. त्यासना वाटाना व्हतात ना."

दगूबाईने पदराने डोळे पुसले, तोंड पुसलं, हात पुसले. सवयीने तिचा हात सुपाकडे गेला आणि तिने तो मागे घेतला. हात ओला होता. सासूचा दंडक. ती आपले दोन्ही तळवे चिमणीच्या वर धरून बसली, ते सुकेपर्यंत. मग दोघींनी खुंट्याला हात घातला, जातं फिरलं. गजराच्या पदराच्या टोकाची गाठ दगूबाईने सोडायला सांगितली नाही.

*

कानबाई बसली. नारळाला डोळे आले, नथ आली, झमकूबाईच्या चौरंगावर केळीच्या खांबांमध्ये बाई नटून बसली. पण आरतीला अंगणाच्या पलीकडून कोणी येईना. फुलीबाईच्या दारात शोभाबाई तेवढी चुळबुळत उभी होती. माहेरी येऊन दोन कानबाईंच्या मध्ये अडकायचं तिच्या नशिबी आलं होतं.

दगूबाई अंगण ओलांडून गेली. थोरलीने धाकटीच्या दारात जायचं, तेही भांडणानंतर, ही रीत नव्हे. तिच्या पावलांकडे दोन्ही घरांतली माणसं बघत राहिली. फुलीबाई चुलीपाशी होती. उठावं की बसून राहावं हे तिला कळेना, तेव्हा ती अर्धी उठून राहिली.

"फुली, रोटमा त्यानी मूठ नई," दगूबाई म्हणाली. "मी टाकी, गजरानी काढी. गये सालबी काढेल व्हती. तुन्ही सूननं जे जयं ते दैवनं जयं. मन्हा नवलनी कोनंच काई बिघाडेल नई."

फुलीबाईचं तोंड उघडं पडलं. "गजरानी काढी? काब्र?"

"मेलेलानी मूठ टाकतस नई म्हनीसन."

एवढं बोलायला दगूबाईला दोन वर्षं लागली होती. उखा खाटेवरून उठला. ती त्याच्याकडे वळली. "उखाभाऊ, काल मी बोलाले नको ते बोलनी. सुरतलगून तूच गया व्हता. बाई गयी की नवलनं काय करानं ते करी टाकू. तूच कर. दुसरं कोन शे त्याले?"

उखाने टोपी काढली. या वेळी ती पुन्हा घातली नाही. तोंडाशी धरली आणि भिंतीकडे वळून उभा राहिला. फुलीबाईने चुलीतलं लाकूड मागे ओढलं आणि लेकीवर खेकसली, "उभी काय शे, शोभे? आरतीनं ताट ले! तठे बाई एकली बठेल शे!"

*

सोमवारी सकाळी गावातल्या सगळ्या कानबाया वाजतगाजत घाटावर आल्या. तापीचं पाणी थोडं उतरलं होतं, तरी रंग तांबडाच होता. बायका फुगड्या घालत होत्या, नावाडी आपल्या नावा बाजूला घेऊन जागा करून देत होते. बाईला स्नान घालून झाल्यावर दगूबाई सुनेला घेऊन गर्दीपासून जरा खाली, संगमाकडे गेली.

गजराने पदराची गाठ सोडली. दगूबाईने तिच्या तळहातावरून अर्धे गहू आपल्या हातात घेतले. दोघींनी एकदमच सोडले. पाण्याने ते कुठे नेले हे दिसायच्या आत नेले.

"खाय रे, बाबा," दगूबाई म्हणाली. तिला आणखी खूप बोलायचं होतं, पण आईचं बोलणं लेकराला जेवायला वाढण्यापलीकडे फारसं कधी गेलेलंच नसतं.

मग सुनेकडे वळून तिने विचारलं, "गजरे, खरं सांग. शनिवारले म्हननी तशी मन राखाले सांगू नको. तुले जावानं शे का?"

गजरा नदीकडेच बघत होती. "तुमले सोडीसन?"

"मी इचारं ते सांग."

"सांजले समदास्ना घर कोनी ना कोनी येस, आत्या," गजरा हळूच म्हणाली. "नानाना पोऱ्या येतस, बैलं येतस, धर्मचंद शेट दुकान लाईसन येस. आपला दारशी कोनीच येत नई. मालेबी वाटस, सांजले कोनी घर येवाले पाहिजे."

दगूबाईने मान हलवली. एकदाच. मग म्हणाली, "चाल. रोट वाढानं शे."

*

रोट वाढताना दारं लावून घ्यायची चाल होती, पण दोन्ही घरांची माणसं एका ओसरीत मावायची तर दार उघडंच राहिलं. आत पंगत बसली. पुरुष एका बाजूला, सुना दुसऱ्या बाजूला. वाहरू पाहुणा, म्हणून बाहेर ओट्यावर गंगाफळाच्या भाजीशी आणि पोळीशी झटत होता. शोभाबाई कोपऱ्यात खिरीची ताटली घेऊन एकटी, परकी लेक म्हणून बसली होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू जाईल असे सुस्कारे टाकत होती.

दगूबाई रोटाची परात घेऊन फिरू लागली. उखाला दिला, त्याच्या मुलांना, भाऊबंदांना दिला. मग सुनांच्या पंगतीत आली. फुलीबाईला, तिच्या पोटुशी सुनेला. सुनेच्या हातावर जरा मोठा तुकडा ठेवला, तेव्हा फुलीबाईने डोळे मिटून घेतले. पुढे गजरा होती. तिने डाव्या हाताने पदर सावरून उजवा तळवा पुढे केला.

दगूबाई थांबली. त्या तळव्याकडे बघितलं आणि रोट न देता पुढे सरकली.

गजराचा तळवा तसाच उघडा राहिला. तिने सासूकडे पाहिलं, मग हाताकडे, आणि तिचा चेहरा उतरला. चोरीची शिक्षा, असंच तिला वाटलं असणार.

"बाई!" फुलीबाईच आधी उसळली. परवा रोटाला लाथ मारून गेलेली फुलीबाई! "तिले काब्र नई? मन्ही सूनकरता तिनी एवढं करं, अनि तिले नई? तिले नई तं आमलेबी नको!" तिने आपल्या हातातला तुकडा परातीत परत ठेवायला हात पुढे केला.

"खाय तू," दगूबाई म्हणाली. "सांडू नको." बाहेर ओट्यावर ऐकू जाईल इतका तिने आवाज मोठा केला. "रोट सूनले देतस. लेकले नई देतस."

कोणालाच पटकन काही उमगलं नाही. मग उखाने मान वर केली. ओट्यावर वाहरूचा घास हातातच राहिला होता.

"याही," दगूबाई दाराकडे बघून म्हणाली, "झिपरूले सांगजो, मागनं घालाले ब्राह्मणपुरीमा नको. आठे, मन्हा दारले येवाले पाहिजे. मन्ही लेक शे. मी मानूस देखसू, मंग हा म्हनसू."

वाहरूने ताट बाजूला ठेवलं आणि उपरण्यात तोंड लपवलं. गजरा अजून तळवा उघडाच ठेवून बसली होती. तो मिटायचा असतो हे ती विसरूनच गेली होती. शेवटी कोपऱ्यातून शोभाबाई सरकली, आपल्या शेजारची जागा हाताने झाडली आणि म्हणाली, "ये वं गजरा. दर साल एकली बठी बठी कटायी गवू मी. आठे ये."

गजरा सुनांच्या पंगतीतून उठली आणि लेकीच्या शेजारी जाऊन बसली. दगूबाईने परात खाली ठेवली, खिरीचं पातेलं उचललं आणि तिच्या ताटलीत एक पळी खीर घातली. मग पातेलं उचलून पुढे निघाली, पुन्हा मागे फिरली आणि आणखी एक पळी वाढली. लेक सासरी जायची असली की आईचा हात असाच सैल होतो.